जिथं बंदूक नाही, तिथला आदिवासी

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव. इथून बिटरगावच्या दिशेनं निघालं की कापूस-सोयाबीनची काळी रानं मागे पडतात आणि सागाचं जंगल लागतं. बिटरगाव, कोरटा, खरबी, सोनदाभी या पट्ट्याला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. अंध आदिवासींची गावं, बंजाऱ्यांचे तांडे, मधे पैनगंगा अभयारण्य आणि त्याला वळसा घालणारी नदी. नदीच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका. दोन्ही काठांवर तेच सागवान, तीच मोहफुलं, उन्हाळ्यात तेंदूपानांची तीच धावपळ. पण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली १९८५ साली महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्राची जी यादी निघाली, तीत किनवटची दीडशेच्या आसपास गावं आली. यवतमाळ जिल्ह्यातली केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगावकडची गावंही आली. उमरखेड तालुक्याचं एकही गाव आलं नाही.

या एका गोष्टीचे परिणाम लांबवर जातात. ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. २०१४ साली राज्यानं पेसाचे नियम केले, २०१५ साली आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट टाकायचं ठरलं. हे सगळं किनवटच्या काठापर्यंत पोचलं आणि नदीवर थांबलं. अलीकडच्या अंध कुटुंबाकडे जातीचा दाखला आहे, पुसदला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. त्याच्या ग्रामसभेला मात्र गावच्या जंगलावर आणि निधीवर बोलण्याचा तो अधिकार नाही.

आदिवासींचं दारिद्र्य आणि त्यांच्या भूमीवरचं लष्करीकरण यांचा आढावा ढाणकीपासून का सुरू करावा, असं कुणीही विचारील. इथं भूसुरुंग फुटलेले नाहीत, चकमकी झालेल्या नाहीत. माझं म्हणणं नेमकं त्याच्याशी बांधलेलं आहे. महाराष्ट्रात आदिवासींना आधार देण्याचा विचार गेली चाळीस वर्षं बंदुकीभोवती फिरला. जिथं रक्त सांडलं तिथं सरकार धावलं, आणि जाताना तेही बंदूक घेऊनच गेलं. जिथं लोक शांत राहिले, तिथल्या हक्कांची फाईल कुणी उघडली नाही. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच दृष्टीची ही दोन फळं आहेत.

या नदीखोऱ्याचा इतिहास हेच सांगतो. इंग्रजी अमलात पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याची हद्द होती. वऱ्हाडाच्या बाजूला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला, राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. गवत आणि सरपण हा तिथल्या माणसाचा रोजचा प्रश्न होता, म्हणून सत्याग्रह गावोगाव पसरला. निजामाच्या बाजूला, आदिलाबादच्या डोंगरात, कोमराम भीम गोंड-कोलामांना घेऊन जमिनीसाठी आणि जंगलासाठी उभा राहिला. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिवासी का बिथरले हे शोधायला पाठवलं, त्याच्या शिफारशींवरून गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, मारलवाईला शाळा निघाली. पट्टे मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते भीम जिवंत असताना आणि मागत असताना मिळाले नाहीत.

पुढे स्वतंत्र भारतात, २० एप्रिल १९८१ रोजी, त्याच आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. तेरा माणसं गेल्याचं सरकारनं मान्य केलं. लोक सांगतात तो आकडा कितीतरी मोठा आहे. जमिनी बिगर-आदिवासींच्या हाती चालल्या होत्या, सावकारी वाढली होती, वनखातं हुसकावत होतं. मागण्या १९४०च्याच होत्या.

त्याच सुमारास नक्षलवाद्यांची पहिली पथकं आंध्रातून प्राणहिता-गोदावरी ओलांडून आजच्या गडचिरोलीत शिरली. १९८०च्या नोव्हेंबरात पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीनं मेला. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला, म्हणजे जिल्हा आणि सशस्त्र संघर्ष जवळपास बरोबरच वाढले. सुरुवातीला लोकांनी नक्षलवाद्यांना जागा का दिली, हे समजायला तेंदूचा हंगाम बघावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात, भर उन्हात, पहाटे उठून बायामाणसं जंगलात जातात, पानं खुडतात, दुपारी घरी बसून पुडके बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून देतात. ठेकेदाराचा माणूस पान फाटकं आहे, लहान आहे म्हणत पुडके बाजूला काढी. दर पैशांत होता. बांबूच्या, रस्त्याच्या कामावरही हीच गत. नक्षलवाद्यांच्या पथकांनी, म्हणजे दलमांनी, ठेकेदारांना धमकावून मजुरी वाढवून घेतली, त्रास देणाऱ्या वनरक्षकांना चाप लावला. जे काम मजुरी कायद्यानं आणि महसूल खात्यानं करायचं होतं ते बंदुकीनं केलं, आणि त्याची किंमत पुढे त्याच लोकांनी मोजली.

ती किंमत फार मोठी आहे. माओवाद्यांनी ‘पोलिसांचा खबरी’ म्हणून ज्यांना मारलं, त्यांच्यासह पाचशेहून अधिक सामान्य नागरिक या जिल्ह्यात गेले. त्यांत बहुतेक आदिवासी. सरकारनं १९९० साली सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक उभं केलं, त्यात स्थानिक तरुण भरले. म्हणजे समोरासमोर आलेली मुलं पुष्कळदा एकाच इलाख्यातली, एकाच भाषेत बोलणारी. २००९ साली मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन हल्ल्यांत पन्नासच्या आसपास पोलीस मारले गेले. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेला. दुसऱ्या बाजूला २२ एप्रिल २०१८ला बोरिया-कसनासूरच्या चकमकीत आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत चाळीस जण मारले गेले. त्यांत गट्टेपल्ली गावची काही तरुण मुलं-मुली होती. पोलिसांचं म्हणणं, ती नुकतीच दलमात भरती झालेली. घरच्यांचं म्हणणं, ती लग्नाला म्हणून निघालेली. १३ नोव्हेंबर २०२१ला मर्दिनटोल्याला पंचवीसहून अधिक माओवाद्यांबरोबर मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. तो आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचा, वणीजवळच्या राजूरचा.

आता चित्र बदललं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती या माओवादी नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. केंद्र सरकारनं नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरवून दिली होती. माणसं मरायची थांबली तर त्यासारखं दुसरं समाधान नाही, हे मी मनापासून लिहितो आहे. पण बंदुकीचा आवाज थांबल्यावर मैदानात कोण उरतं, हा प्रश्न आता विचारायचा आहे, कारण आधाराचं खरं काम तिथून सुरू होतं.

गडचिरोलीतल्या ठाण्याला ‘पोलीस मदत केंद्र’ म्हणतात. एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेवर, वांगेतुरीचं केंद्र नोव्हेंबर २०२३मध्ये हजारावर मनुष्यबळ लावून चोवीस तासांत उभं केल्याचं पोलिसांनीच अभिमानानं जाहीर केलं. पुढे गर्देवाडा झालं, भामरागडकडे पेनगुंडा झालं. १ जानेवारी २०२५ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या गावानं एसटी पाहिली. बाळंतीण अडली की खाटेवर घालून मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांना त्या गाडीचं मोल काय आहे, ते पुण्या-मुंबईत कळणार नाही.

याच केंद्रांमधून ‘पोलीस दादालोरा खिडकी’ चालते. एका टेबलावर जातीचा दाखला, आधार कार्ड, पॅन कार्ड, शेतीच्या योजनेचा अर्ज, बियाणं, कोंबड्यांची पिल्लं, नोकरभरतीची माहिती. जी कागदपत्रं काढायला माणसाला तालुक्याला चार खेपा घालाव्या लागत, ती इथं एका खेपेत होतात. लोक रांगा लावतात आणि त्यांचं काहीच चुकत नाही. मदत करणारा पोलीसही पुष्कळदा मनापासून करतो. तरी मला या खिडकीची काळजी वाटते. दाखला देणं हे तहसीलचं काम, बियाणं कृषी खात्याचं, लसीकरण आरोग्य खात्याचं. ही सगळी खाती काटेरी तारांच्या कुंपणाआड एकाच गणवेशात बसली, की ज्याला काही हवं आहे त्याला पोलिसांच्या नोंदीतून जावं लागतं. आणि काल त्याच केंद्रानं ज्याला चौकशीला उचलून नेलं, तो माणूस आज तिथं आपल्या हक्काचा कागद मागायला जाईल का? संकटकाळात ही सोय समजू शकते. शांतता आल्यावर ती कायमची झाली, तर नागरी प्रशासनानं या जंगलातून हात काढून घेतले असाच त्याचा अर्थ होईल.

आणि केंद्र कुठं उभं राहतं, हेही बघावं लागतं. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्सला २००७ साली तिथं सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची सत्तर-ऐंशी वाहनं जाळली आणि काम ठप्प झालं. २०२१पासून ते कडक बंदोबस्तात जोरात सुरू आहे. सुरजागडचा डोंगर म्हणजे सत्तर गावांच्या ठाकूरदेवाचं स्थान, तिथं दर जानेवारीत यात्रा भरते. शेजारच्या दमकोंडवाही भागात आणखी खाणी येणार हे कळल्यावर मार्च २०२३पासून तोडगट्ट्याला ग्रामसभांनी ठिय्या दिला. पाळीपाळीनं गावं येत, घरून तांदूळ आणत, झोपड्यांत राहत. आठ महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२३ला, पोलिसांनी तो मोडला, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतलं. आंदोलनामागे माओवादी आहेत, असं पोलीस म्हणत. लोक म्हणत, शाळा द्या, दवाखाना द्या, आमची ना नाही. खाणीच्या ट्रकसाठी रुंद रस्ता आणि खाणीच्या राखणीसाठी ठाणं आम्हाला विचारल्याशिवाय नको. पेसा आणि वनहक्क कायद्यात हे विचारणं बंधनकारक आहे, तेव्हा ही मागणी कायद्याबाहेरची नव्हती. खाणीत स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला आहे, हेही खरं. पण संमती न विचारता दिलेला रोजगार आणि विचारून दिलेला रोजगार यांत माणसाच्या प्रतिष्ठेचा फरक आहे.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांनी मूळनिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. त्याचं तिसावं कलम सांगतं की सार्वजनिक हिताचं कारण किंवा त्या समाजाची संमती असल्याशिवाय त्यांच्या भूमीवर लष्करी हालचाली होऊ नयेत. जगभर हाच झगडा चालू आहे. कोलंबियात नासा आदिवासींनी सैन्य आणि बंडखोर दोघांनाही आमच्या गावात नको म्हणत नुसत्या काठ्या हाती घेऊन पहारेकरी दल उभं केलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ला छत्तीसगडच्या सलवा जुडूमचा निकाल देताना अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी बनवून लढाईत ढकलणं घटनाबाह्य ठरवलं. त्याआधी २००८ साली नियोजन आयोगाच्या डी. बंदोपाध्याय समितीनं स्पष्ट लिहिलं होतं की या भागांतल्या असंतोषाचं मूळ जमीन, जंगल, विस्थापन आणि अपमान यांत आहे. निदान झालेलं आहे. अडतं ते उपचारापाशी.

उपचाराचा सगळ्यांत चांगला दाखलाही गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्याबरोबर या गावानं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावली. वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा. हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखातं देईना. कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला आहे. खातं म्हणे, हे इमारती लाकूडच. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावानं स्वतः लिलाव केला, मजुरी वाढवून दिली, नफा ग्रामसभेच्या खात्यात ठेवला. पुढे जिल्ह्यातल्या हजारापेक्षा जास्त गावांना सामूहिक हक्क मिळाले, तेंदू आणि बांबूचे करार ग्रामसभा करू लागल्या. सगळीकडे छान चाललं आहे असं नाही. काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे बुडवले, काही ठिकाणी हिशेब विस्कटले, काही ठिकाणी माओवाद्यांनी खंडणी मागितली. तरी ज्या बाईला एकेकाळी फळीवर पुडके मोजून घेणाऱ्यापुढे हात जोडावे लागत, ती आज दर ठरवणाऱ्या सभेत बसते. कोणत्याही पॅकेजनं एवढा बदल घडवला नाही.

या कामाला बाहेरून हात देणारी माणसं लागली. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं सर्च, हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प, कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’, मेळघाटातली खोज, यांनी आरोग्य, शिक्षण, वनहक्क यांत पिढ्या घातल्या. पण मदत करणाऱ्यावरही संशयाची सावली पडते. गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर तेंदूचं काम करणाऱ्या, पंतप्रधान ग्रामविकास फेलो राहिलेल्या महेश राऊतला जून २०१८मध्ये एल्गार परिषद प्रकरणात, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून, अटक झाली. सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जामीन मंजूर केला तेव्हा तुरुंगात पाच वर्षं उलटली होती, आणि त्या आदेशालाही स्थगिती मिळाली. जुलै २०२५मध्ये विधिमंडळानं कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक संमत केलं. हिंसा करणाऱ्यावर कारवाई हवीच. पण वनहक्काचा दावा भरायला मदत करणारा पदवीधर पोरगा उद्या घाबरून गावात गेला नाही, तर नुकसान दावेदाराचं होईल.

आता परत बंदी भागाकडे. अंध ही राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली पहिली नोंद. पण त्या यादीला पूर्वी तालुक्यांच्या मर्यादा होत्या. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ हेच तालुके होते. जुना पुसद तालुका, ज्यात उमरखेड येई, बाहेर होता. १९७६च्या दुरुस्तीनं त्या मर्यादा उठल्या. म्हणजे इथल्या अंध माणसाला आदिवासी म्हणून सवलती मिळायलाच स्वातंत्र्यानंतर जवळपास तीस वर्षं गेली. कोलाम, माडियांसारख्या विशेष दुर्बल गटांसाठी २०२३च्या नोव्हेंबरात पीएम-जनमन योजना आली. अंध त्या गटांत बसत नाहीत. नक्षलग्रस्त भागाचा निधी इथं येण्याचं कारण नाही. पेसा नाही. ज्या पुसदनं राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, त्याच्या शेजारच्या या जंगलपट्ट्यात रस्त्यासाठी, पुलासाठी, विजेच्या तारेसाठी वन्यजीव विभागाच्या परवानगीची वाट बघत गावं बसलेली असतात. घाटंजीकडे निम्न पैनगंगा धरणाला १९९७ साली मंजुरी मिळाली. तेव्हापासून बुडिताच्या टांगत्या तलवारीखाली असलेली नदीकाठची गावं विरोध करत आली आहेत.

एक कायदा मात्र नदीपाशी थांबत नाही. २००६चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे, अभयारण्यातही लागू आहे. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा वैयक्तिक हक्क आणि गावच्या वहिवाटीच्या जंगलाचा सामूहिक हक्क, दोन्ही त्यात येतात. बंजारा कुटुंबं महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे त्यांना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याची अट लागते. पण सामूहिक दावा गाव म्हणून होतो, त्यात तांडा आणि अंधवस्ती एकत्र उभी राहू शकते. ग्रामसभेनं वनहक्क समिती निवडायची, हद्दीचा नकाशा करायचा, म्हाताऱ्यांचे जबाब आणि निस्तारपत्रकासारखे जुने कागद जोडायचे, दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे पाठवायचा. कागदावर सोपं दिसणारं हे काम जंगलात जीपीएस घेऊन हद्द चालणाऱ्या चार-दोन जाणत्या पोरांशिवाय पुरं होत नाही. फेटाळलेल्या दाव्यांचं काय होऊ शकतं तेही आपण पाहिलं आहे. १३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं, आणि देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला तो आदेश स्थगित केला. मधले पंधरा दिवस लाखो घरांनी कसे काढले असतील!

म्हणून दोन मागण्या. सरकारकडे ही की उमरखेड, महागाव आणि पुसदच्या आदिवासीबहुल गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश करण्याचा प्रस्ताव राज्यपालांमार्फत राष्ट्रपतींकडे जावा, आणि तोवर बंदी भागातल्या प्रत्येक गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा पुसदच्या प्रकल्प कार्यालयानं स्वतः गावात जाऊन भरून घ्यावा. दुसरी मागणी ढाणकी, उमरखेड, पुसदच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांकडे आहे. येत्या उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम उरकला की आठवडाभर बिटरगाव-कोरट्याकडे जा, ज्या गावानं बोलावलं त्याच्या हद्दीवरून म्हाताऱ्यांबरोबर चाला, नकाशा करा, जबाब लिहून घ्या आणि दावा उपविभागीय अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून पोच घ्या.